ईकोची मुक्कामी गाडी करताना: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

शनिवारी दुपारी कोल्हापुरातून निघून गगनबावडा, दाजीपूर किंवा आंबोलीकडे जावे, रात्र गाडीतच काढावी आणि रविवारी संध्याकाळी परतावे, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि उंच छत असलेली मोठी कॅम्परव्हॅन हा निराळा, खर्चिक विषय असून त्याचा विचार येथे केलेला नाही. येथे गृहीत धरलेली गाडी मारुती सुझुकीची ईको आहे, कारण ती आपल्याकडे गावोगावी दिसते, तिची दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी होते आणि तिची मागची जागा चौकोनी असल्याने सुताराला ती लवकर समजते. ज्यांच्याकडे 2019 मध्ये उत्पादन थांबलेली जुनी ओम्नी अजून चालू अवस्थेत आहे, त्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. मात्र ओम्नीचे 796 सीसीचे इंजिन दोन माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना दमते, हे लक्षात ठेवावे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पैसा आणि मेहनत यांचा पहिला वाटा झोपेवर खर्च करावा, म्हणजे सपाट दिवाण, खेळती हवा, अंधार आणि डासांपासून बचाव या चार गोष्टींवर. दुसरे असे की, जे काही बसवाल ते अर्ध्या तासात काढता आले पाहिजे. सोमवारी हीच गाडी मुलांना शाळेत सोडायला आणि मार्केट यार्डातून पोती आणायला लागणार असते. जी रचना काढता येत नाही ती घरच्यांना दोन महिन्यांत नकोशी होते आणि मग गाडीही जाते व हौसही जाते.

आधी कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली आहे. आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की, आसनांची संख्या बदलणे, छत कापून खिडकी बसवणे किंवा बॉडीला सांगाडा वेल्ड करणे या गोष्टी परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करू नयेत. काढता येणारा दिवाण, गादी, पडदे आणि सुटी बॅटरी हे सामान आहे. ते गाडीत ठेवले म्हणून गाडीची जात बदलत नाही. म्हणूनच या लेखातील संपूर्ण रचना मागची सीट जागेवर ठेवून, तिची पाठ पाडून त्यावर उभी केली आहे. विजेची जोडणी मूळ वायरिंगला फोडून केली असेल, तर विमा कंपनीला तसे लेखी कळवावे; आग लागल्यास दावा अडतो तो बहुधा याच मुद्द्यावर.

सेकंडहँड गाडी घेणार असाल तर तीन गोष्टी हात लावून पाहाव्यात. मागच्या सीटची पाठ पूर्ण पुढे पडते का, पडल्यावर ती किती उंच राहते आणि दोन्ही बाजूंची सरकती दारे आतून सहज उघडतात का. सीएनजी गाडी इंधनाच्या दृष्टीने स्वस्त पडते, परंतु तिची टाकी मागच्या बाजूस बरीच जागा खाते आणि टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल अशी मोकळीक कायम ठेवावी लागते. मुक्कामासाठी मी पेट्रोल गाडीच सुचवेन.

मापे

ईकोची बाहेरून लांबी सुमारे 3.7 मीटर आणि रुंदी दीड मीटरहून थोडी कमी आहे, त्यामुळे आत दोन माणसांना पुरेल इतकीच जागा मिळते आणि प्रत्येक इंच मोलाचा ठरतो. मापे घेताना पुढच्या सीट जितक्या पुढे जातील तितक्या नेऊन, त्यांच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर जमिनीवर एक असते आणि दिवाणाच्या उंचीवर दुसरे, कारण सीटची पाठ आणि मागचे दार दोन्ही तिरके असतात. म्हणून मोजपट्टी त्या उंचीवर आडवी धरूनच मोजावे. लांबी कमी पडत असेल तर दिवाणाच्या पुढच्या टोकाला बिजागऱ्यांनी एक फळी जोडून घ्यावी, जी रात्री पुढच्या सीटच्या दिशेने उलटते आणि खाली आपल्याच पायावर टेकते. उंच माणसांनी तिरके झोपण्याचा विचार करायला हरकत नाही, पण तो एकट्याने जाणाऱ्यांसाठीच.

दिवाणाची उंची ठरवण्याची एक सोपी रीत आहे. मांडी घालून ताठ बसल्यावर बहुतेकांना बैठकीपासून डोक्यापर्यंत तीन फुटांच्या आसपास जागा लागते. गाडीच्या तळापासून छतापर्यंतची उंची मोजून त्यातून हे तीन फूट आणि गादीचे चार इंच वजा करावेत. जे उरेल ती दिवाणाची जास्तीत जास्त उंची. खाली सामान जास्त मावावे म्हणून उंच दिवाण करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पावसात चार तास गाडीत अडकून पडल्यावर, मान वाकवून बसावे लागते की सरळ बसता येते, यावरच त्या सहलीची आठवण ठरते.

चाकांवरचे फुगवटे ही सर्वांत त्रासाची जागा. तेथे अंदाजाने फळी कापू नये. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन तो फुगवट्याला टेकवावा, पेन्सिल उभी धरून फुगवट्याच्या कडेने फिरवावी, त्या रेषेवर पुठ्ठा कापून पुन्हा बसवून पाहावा आणि फट राहिली तर कागदाची पट्टी चिकटवून ती भरावी. पुठ्ठा नेमका बसला की तोच सुताराच्या हाती द्यावा. डावा आणि उजवा फुगवटा सारखा असेल असे धरून एकच साचा उलटा करून वापरू नये; प्रत्येक बाजूचा साचा वेगळा काढावा आणि त्यावर बाजूचे नाव लिहावे.

दिवाण

सांगाड्यासाठी एक इंची चौकोनी पाइप पुरेसा आहे. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनची कामे करणारे अनेक कारागीर आहेत आणि एवढे काम त्यांच्यासाठी अगदी किरकोळ आहे. म्हणूनच ते हंगामाच्या घाईत मागे पडते. कागदावर मापांसह आकृती काढून न्यावी आणि काय नको आहे ते आधी सांगावे, कारण मजबूत करून देण्याची त्यांची सवय इतकी पक्की आहे की न सांगता ते जाड पाइप आणि दुप्पट आडव्या पट्ट्या लावून देतात आणि दिवाण दोघांनीही उचलत नाही. सांगाडा तीन सुट्या चौकटींचा करावा, चौकटी एकमेकींना आठ मिलिमीटरच्या बोल्टने आणि हाताने फिरवता येणाऱ्या विंग नटने जोडाव्यात, आणि पायांखाली रबरी बूट घालावेत. गाडीच्या तळाला नवे भोक पाडू नये. सीटच्या मूळ बोल्टच्या जागा किंवा मजबूत हुक उपलब्ध असतील तेथे रॅचेटचा (दांडी मागेपुढे करून आवळायचा) पट्टा टाकून दिवाण ताणून बांधावा. बांधण्याची ही पायरी वगळू नये. अचानक ब्रेक लागला तर सुटा दिवाण पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळतो.

वर 12 मिलिमीटरचा प्लाय घालावा आणि त्याखाली दर सोळा इंचांवर आडवी पट्टी असावी. 18 मिलिमीटरचा प्लाय घेतला तर आठ बाय चारच्या एका पूर्ण शीटमागे दहा किलोच्या आसपास वजन वाढते आणि फायदा काहीच होत नाही. प्लाय मात्र ओल सोसणारा, बीडब्ल्यूपी दर्जाचा, आयएस 710 शिक्का असलेला घ्यावा. साधा कमर्शियल प्लाय आपल्या पावसाळ्यात कडेने सुटायला लागतो. प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोके पाडून घ्यावीत. झोपलेल्या माणसाच्या अंगाची ऊब आणि दमटपणा गादीतून खाली उतरतो, गार प्लायवर त्याचे पाणी होते आणि काही आठवड्यांत गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी दिसू लागते. भोकांमुळे हवा लागून ती टळते. भोकांच्या आणि फळ्यांच्या कडा पॉलिशपेपरने गोल कराव्यात, सर्व बाजूंना व्हार्निशचे दोन हात द्यावेत आणि कडांना तिसराही द्यावा, कारण पाणी शिरते ते कडेतूनच.

पाइप आणि प्लाय यांच्यामध्ये फेल्टची किंवा पातळ रबराची पट्टी चिकटवायला विसरू नये. ती नसेल तर रात्री कूस बदलताना दिवाण कुरकुरतो आणि दिवसा खडबडीत रस्त्यावर तो असा वाजतो की गाडीचेच काहीतरी सुटले आहे, अशी शंका चालकाला वाटत राहते.

गादी फोमची, चार इंच जाडीची आणि तीन तुकड्यांची असावी. कापसाची गादी अंगाला बरी वाटते, पण जुलैमध्ये ती दमट होते आणि उन्हात टाकायला ऊन मिळत नाही. फोम 32 ऐवजी 40 घनतेचा घेतला तर तो वर्षभरात दबत नाही. तीन तुकडे असल्याने दिवसा दोन तुकडे एकावर एक ठेवून टेकायला पाठ करता येते. खोळीसाठी आणि पडद्यांसाठी कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात स्वस्त मिळते. खोळीला चेन लावून घ्यावी, म्हणजे ती धुता येते.

हवा, अंधार आणि उष्णता

खिडक्या बंद करून दोन माणसे झोपली, तर सकाळी काचांवरून पाणी ओघळताना दिसते. ते बाहेरचे दव नसून श्वासातील आणि अंगातील ओलावा असतो. त्यामुळे पाऊस असो वा थंडी, समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या राहिल्या पाहिजेत. पुढच्या दारांच्या काचांवर रेन व्हायझर बसवले तर पावसातही त्या थोड्या खाली ठेवता येतात. आतून मच्छरजाळी लावावी. जाळीच्या कडेला कापडाची पट्टी शिवून त्यात छोटे चुंबक घातले तर ती पत्र्याच्या चौकटीला आपोआप धरते, आणि जेथे प्लास्टिक आहे तेथे वेल्क्रो लावावा. एक छोटा बारा व्होल्टचा पंखा पायांकडून डोक्याकडे वारा येईल असा लावला की एप्रिलमध्येही पन्हाळ्यासारख्या उंच ठिकाणी झोप लागते. कोल्हापूर शहरात मे महिन्यात मात्र कोणत्याही पंख्याने हे साधणार नाही.

काचांना काळी फिल्म लावून अंधार करण्याचा विचार सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अशा फिल्मना मनाई केली असून रस्त्यावर त्यासाठी दंड होतो. त्याऐवजी पत्र्याच्या शेडखाली लावतात तो चंदेरी बबल फॉइल आणून प्रत्येक काचेच्या मापाचा तुकडा कापावा, त्याच्या आतल्या बाजूला काळे कापड शिवावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी तो काचेत दाबून बसवावा. हे तुकडे उन्हाची धगही अडवतात. गाडी चालू करण्यापूर्वी ते सर्व काढलेच पाहिजेत.

ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, हे दिवाणाखालचे सामान लावताना विसरू नये. लांबचा प्रवास झाल्यावर सीटमागचा तळ बराच वेळ गरम राहतो. दूध, भाजी, औषधे आणि बॅटरी तेथे न ठेवता मागच्या दाराकडे ठेवावीत आणि पुढच्या भागात कपडे व पांघरुणे ठेवावीत.

वीज

वीज किती लागते याचा हिशेब केल्याशिवाय बॅटरी घेऊ नये. पंधरा वॉटचा पंखा नऊ तास चालला तर 135 वॉट-तास, पाच वॉटचा एलईडी दिवा चार तास म्हणजे 20, दोन मोबाइल मिळून साधारण 40. एका रात्रीचा खर्च दोनशे वॉट-तासांच्या आत बसतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची 12.8 व्होल्ट, 50 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी 640 वॉट-तास साठवते, त्यामुळे ती दोन रात्री आरामात पुरते. तेवढ्याच क्षमतेची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून ती जेमतेम दीड रात्र चालते आणि वजनाला दुप्पट भरते. गाडीच्या मूळ बॅटरीवर पंखा चालवण्याचा मार्ग स्वस्त दिसतो, पण सकाळी दाजीपूरच्या रानात गाडी ढकलायला माणसे कोठून आणायची, हा प्रश्न उरतो.

दुसरी बॅटरी चालत्या गाडीत भरण्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर लावावा. दहा अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे 130 वॉट-तास भरतो. कोल्हापूर ते गगनबावडा हे पंचावन्न किलोमीटर दीड तासात गाठले, तर जवळपास एका रात्रीची वीज वाटेतच तयार होते. या हिशेबामुळे छतावर सौर पॅनेल बसवण्याची गरज मला वाटत नाही, आणि ज्या महिन्यांत आपल्याकडे फिरण्याची खरी ओढ लागते त्या जून ते सप्टेंबरमध्ये ते फारसे कामही करत नाही. चार्जरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी, दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाजवळ प्रत्येकी एक फ्यूज बसवावा आणि वायर पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी, घालावा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. फ्यूज कोठे आहेत ते त्याला दाखवायला लावावे आणि जादा फ्यूज गाडीत ठेवावेत. ज्यांना वायरिंगच्या भानगडीत पडायचे नाही त्यांनी तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि सॉकेट एकाच खोक्यात असलेला संच, घ्यावे. इंडक्शन शेगडीचा विचार कोणीही करू नये.

स्वयंपाक आणि पाणी

शेगडी गाडीत पेटवायची नाही, या नियमाला पावसाचा अपवाद नाही. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपेत तो कळत नाही. याच कारणासाठी एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नये. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो डोक्याजवळ लावून ठेवावा.

ईकोचे मागचे दार वर उघडते, ही स्वयंपाकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. त्या दारावरून ताडपत्री ओढून दोन काठ्यांना ताणली की तिन्ही बाजूंनी मोकळा असा आडोसा तयार होतो. शेगडी त्याच्या बाहेरच्या कडेला, कापडापासून दूर आणि खाली जमिनीवर ठेवावी. पाच किलोचा छोटा सिलिंडर दोघांना अनेक मुक्काम पुरतो, पण तो गाडीत उभाच बांधावा, रेग्युलेटर काढून ठेवावा आणि उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नये. घरून भाकरी, झुणका, कांदा-लसूण चटणी आणि दही नेले तर रात्री शेगडी फक्त चहासाठी लागते, आणि पहिल्या काही मुक्कामांना तेवढेच बरे.

पाण्यासाठी तोटी असलेला वीस लिटरचा कॅन पिण्यासाठी आणि दहा लिटरचा दुसरा कॅन धुण्यासाठी ठेवावा. पाणी म्हणजे वजन: हे तीस किलो, दिवाणाचे पस्तीस-चाळीस, गादी, बॅटरी आणि सिलिंडर मिळून शंभर किलोच्या घरात आकडा जातो. म्हणजे दोन माणसांसोबत दीड प्रवासी आधीच बसलेला आहे. जड वस्तू तळाशी आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवाव्यात, आणि मागच्या टायरमधील हवा माहितीपुस्तिकेत पूर्ण भारासाठी सांगितली आहे तेवढी ठेवावी. दिवाणावर कोणालाही बसवून किंवा झोपवून गाडी चालवू नये, मुले कितीही मागे लागली तरी.

पहिले मुक्काम

पहिली रात्र घराच्या दारातच काढावी. कोठे पाय अडकतो, टॉर्च कोठे हवी, कोणत्या फटीतून डास येतो, हे सर्व एका रात्रीत कळते आणि काही विसरले असेल तर ते दहा पावलांवर असते. दुसरा मुक्काम पन्हाळ्याच्या परिसरात करता येईल. शहरापासून वीसेक किलोमीटर अंतर असल्याने काही बिनसले तर रात्रीही परतता येते. गाडी हॉटेल किंवा निवासाच्या आवारात, परवानगी घेऊन लावावी. पन्हाळा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आला आहे. तटबंदी आणि जुन्या वास्तूंच्या आसपास गाडी लावून शेगडी पेटवणे सर्वथा गैर आहे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना मुक्काम करता येत नाही. त्या बाजूच्या गावांतही गवे रात्री रस्त्यावर आणि शेतात येतात, म्हणून उरलेले अन्न बाहेर ठेवू नये आणि अंधारात गाडीपासून लांब जाऊ नये.

गावात मुक्काम करायचा असल्यास उजेड असतानाच पोहोचावे, जमिनीच्या मालकाला किंवा देवळाच्या व्यवस्थापकांना विचारावे आणि मगच गाडी लावावी. न विचारता ओढ्याकाठी लावलेल्या अनोळखी गाडीकडे लोक संशयाने पाहतात आणि ते रास्तच आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रालगत व दरडीखाली थांबूच नये, आणि गवतावर गाडी लावताना पुढची चाके निघण्याच्या दिशेला ठेवावीत, कारण रात्रभराच्या पावसाने तांबडी माती लोण्यासारखी होते. जागा थोडी उताराची असेल तर डोके चढाकडे करून झोपावे आणि चाकाखाली दगड लावावा.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आणखी एक पथ्य पाळावे लागते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, त्यातील कित्येकींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस बाजूला लोंबत असतो. त्या महिन्यांत राधानगरी, गारगोटी किंवा गगनबावड्याकडचा प्रवास अंधार पडण्यापूर्वी संपवावा.

परतल्यावर त्याच दिवशी गादीचे तुकडे उभे करून वाळत ठेवावेत, मच्छरजाळ्या झटकाव्यात आणि पाण्याचे कॅन उलटे करून ठेवावेत. पहिल्या दोन-तीन प्रवासांनंतर दिवाणाचे सर्व बोल्ट आणि रॅचेटचे पट्टे पुन्हा आवळावेत. ते बसताना थोडे ढिले पडतात, पुढे मात्र महिन्यातून एकदा हात फिरवला तरी पुरते.